निनावी स्क्रू



दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या रेडिओनं एकाएकी कुरकुर सुरू केली. मीडियम वेव्हवर बातम्या लावल्या की निवेदकाच्या आवाजामागे सारखी खरखर. कुणी पत्र्यावर बारीक वाळू ओतत बसावं तशी. सेल बदलून पाहिले, रेडिओ खिडकीत नेऊन पाहिला, काही फरक नाही. (हसू नका. मोबाइलवर बातम्या ऐकता येतात हे मला ठाऊक आहे. पण चहा आणि रेडिओ ही माझी पन्नास वर्षांची जोडी आहे, ती आता या वयात कोण मोडणार?)

उलगडा केला तो सुट्टीला आलेल्या नातीनं. पुस्तकांच्या कपाटावर मुलानं मला एलईडी दिव्यांची पट्टी बसवून दिली आहे. नातीनं ती सहज बंद केली आणि खरखर थांबली. चालू केली, खरखर पुन्हा हजर. "आजोबा, तुमचा दिवा बोलतोय!" असं म्हणून ती टाळ्या पिटायला लागली.

त्या पट्टीला १२ व्होल्टची वीज लागते. ती देणारी एक जाळीची पत्र्याची पेटी कपाटामागे आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे जिला एसएमपीएस म्हणतात त्यातलाच प्रकार. आम्ही प्लग काढला, बराच वेळ थांबलो आणि झाकणाचे चार स्क्रू सोडवले. आत एखादं छोटं गाव वसलेलं दिसलं. मधोमध पिवळी पट्टी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, एका बाजूला दोन जाडजूड कंडेन्सर, कडेला ॲल्युमिनियमची भिंत, आणि पलीकडच्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक निळा ठोकळा. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच आणि खाचेच्या कडेला लाल रंगाचा ठिपका. शेजारी छापलेलं फक्त 'व्हीआर १'. हा काही त्याच्या कामाचा उल्लेख नव्हे, हा हजेरीपटातला नंबर झाला!

खाच आहे म्हणजे ती फिरवायची आहे, हे पोरांना सांगावं लागत नाही. नातीनं माझ्या चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि म्हणाली, "फिरवून बघू का? कदाचित हाच खरखरीचा असेल."

"हात लावू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडलो की स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. नात बिचारी स्क्रू ड्रायव्हर ठेवून गप्प बसली. त्या आवाजानं मी स्वतःच दचकलो, कारण हाच आवाज, हेच शब्द, १९७९ साली मी एकदा काढले होते. ते शेवटी सांगतो. आधी स्क्रूचं बघू.

दुसऱ्या दिवशी पेटी पिशवीत घालून नातीसह एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ-टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आता विहिरीवरच्या मोटरीचे स्टार्टर, चार्जर, इन्व्हर्टर, जत्रेच्या दिवसांत तमाशाच्या फडांचे ॲम्प्लिफायर, असं सगळं त्याच्याकडे येतं. त्याचंही वय आता साठीला टेकलं आहे. त्यानं पेटी उलटसुलट करून पाहिली. मी विचारलं, "हा स्क्रू कशाचा रे?" त्यावर त्यानं दिलेलं उत्तर मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं.

"सर, हा कुणी बसवला आणि त्याला का बसवावा लागला, ते आधी बघू. मग कशाचा ते तोच सांगेल."

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हे एका दुकानदारानं सांगावं! आम्ही मुलांना नाणेघाटात सहलीला न्यायचो तेव्हा तिथल्या दगडी रांजणाशी थांबून मी हाच प्रश्न विचारायचो. त्याला आपण जकातीचा रांजण म्हणतो ते कशावरून? तो घाटाच्या तोंडाशी आहे, कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवर आहे, शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. म्हणजे वस्तू जिथे आहे ती जागा, तिच्याकडे येणारी वाट आणि तिचे शेजारी, यांवरून आपण तिचं काम ओळखतो. स्क्रूलाही तोच नियम लावायचा होता. त्यासाठी आधी या पेटीचा इतिहास समजून घ्यावा लागला. काही त्यानं सांगितला, काही मी नंतर वाचून काढला.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. रेडिओला, कॉम्प्युटरला, एलईडीच्या पट्टीला ती चालत नाही. त्यांना ५, १२, २४ अशी थोड्या व्होल्टची, एकाच दिशेनं वाहणारी वीज लागते. पूर्वी यासाठी लोखंडी पट्ट्यांचा वजनदार ट्रान्सफॉर्मर असायचा. त्यातून व्होल्टेज उतरवायचं, ते सरळ करायचं आणि गरजेपेक्षा थोडं जास्तच ठेवायचं. मग जास्तीचं जे असेल ते एका ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता करून जाळायचं. जुन्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या पंख्या हाताला चटका द्यायच्या त्या यामुळेच.

दुसरी रीत आपल्या शेतकऱ्यांना चटकन कळेल. कुकडीच्या पाटाचं पाणी शेततळ्यात घ्यायचं आहे. दार अर्धवट उघडं ठेवून पाणी रोखत बसण्याऐवजी ते पूर्ण उघडायचं, पूर्ण बंद करायचं, पुन्हा उघडायचं. तळ्यातलं पाणी खाली गेलं की दार जास्त वेळ उघडं ठेवायचं, वर आलं की कमी वेळ. दार पूर्ण उघडं असताना अडथळा नाही, पूर्ण बंद असताना वाहणं नाही, त्यामुळे वाया फारसं काही जात नाही. या पेटीत हेच काम एक ट्रान्झिस्टर सेकंदाला पन्नास-साठ हजार वेळा करतो, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारी चिप म्हणजे पाटकरी.

इतक्या घाईनं उघडझाप करण्याचा आणखी एक फायदा आहे. हंड्यानं ५० खेपांत जेवढं पाणी आणाल तेवढंच वाटीनं ५० हजार खेपांत आणता येईल. म्हणून ट्रान्सफॉर्मर हंड्याएवढा न राहता वाटीएवढा पुरतो. पाच किलोच्या लोखंडाचं काम मुठीत मावतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९३० च्या दशकात मोटारीत रेडिओ आले. मोटारीची बॅटरी ६ व्होल्टची आणि व्हॉल्व्हच्या रेडिओला तर दोनेकशे व्होल्ट हवेत. मग 'व्हायब्रेटर' नावाची एक डबी निघाली. तिच्यात एक लवचीक पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून बॅटरीची वीज जोडायची-तोडायची, आणि त्या तुटक विजेला ट्रान्सफॉर्मर वर चढवायचा. पण ती पट्टी जोडताना-तोडताना ठिणगी पाडायची, आणि ती ठिणगी त्याच रेडिओत खरखर करायची! म्हणून व्हायब्रेटर पत्र्याच्या डबीत, आतून मऊ अस्तर लावून बंद करावा लागे. म्हणजे माझ्या कपाटामागची खरखर आजची नव्हे, ती या घराण्यात जन्मापासून आहे.

पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आले तशी उघडझाप वेगवान झाली. सुरुवातीला हे महागाचं काम होतं, त्यामुळे जिथे वजनाला सोन्याचा भाव तिथेच ते परवडे. १९६२ च्या टेलस्टार उपग्रहात या पद्धतीचा वीजपुरवठा होता. १९७२ मध्ये ह्यूलेट पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला, त्यातही ही युक्ती होती. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या अमेरिकन कंपनीची एसजी १५२४ ही चिप आली. रॉबर्ट मॅमानो यांनी तिची रचना केली होती. पाटकऱ्याचं सगळं डोकं तिनं एका तुकड्यात आणलं. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपल दोन या संगणकात रॉड होल्ट यांनी पंख्याशिवाय चालणारा असाच पुरवठा बसवला. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्या पोटातून ही पेटी घराघरात शिरली.

आता स्क्रू कशासाठी? पाटकऱ्याला तळ्यातलं पाणी एका रेघेशी राखायचं असतं, तर ती रेघ कुणीतरी आखून द्यायला हवी. पूर्वी ती रेघ म्हणजे झेनर डायोड नावाचा एक सुटा भाग असे. पण एकाच घाण्यातून निघालेले दोन झेनर सारखे नसत. कुणी पाच टक्के वर, कुणी पाच टक्के खाली. मग कारखान्यात प्रत्येक पेटी तयार झाली की एक कामगार मीटर लावून बसायचा, तो बारीक स्क्रू फिरवून काटा बरोबर आकड्यावर आणायचा आणि रंगाचा थेंब टाकून तो जागच्या जागी पक्का करायचा. दुरुस्तीवाले या स्क्रूच्या भागाला 'प्रीसेट' म्हणतात, म्हणजे आधीच लावून ठेवलेला. १९७७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएल ४३१ नावाचा तीन पायांचा भाग आला. त्याच्या आतली रेघ अडीच व्होल्टला बऱ्यापैकी अचूक आखलेली असते. पुढे तो स्वस्त झाला तशी बहुतेक पेट्यांमधून प्रीसेटची गरजच संपली. जिथे तो अजून आहे तिथे बहुधा लांबच लांब तारेत होणारी घट भरून काढायला व्होल्टेज थोडं वर-खाली करता यावं म्हणून ठेवलेला असतो.

मला हे फार आवडलं. सगळे भाग एकसारखे नसतात याची कबुली म्हणजे तो स्क्रू. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो, त्यामुळे ही कबुली मला समजते.

हा झाला इतिहास. पण 'बहुधा' म्हणजे 'नक्की' नव्हे. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, पेटीत प्रीसेट चार कामांचा असू शकतो. एक, बाहेर येणारं व्होल्टेज ठरवायचा. दुसरा, किती करंट गेल्यावर हात आखडायचा ते ठरवायचा. तिसरा, व्होल्टेज फार चढलं तर पेटी बंद पाडायची हद्द ठरवणारा. चौथा, उघडझापेचा वेग ठरवणारा. चुकीचा फिरवला तर पहिला दिवे जाळेल, दुसरा पेटी जाळेल, तिसऱ्यानं राखणदारच झोपेल, आणि चौथ्यानं कधी काय होईल सांगता यायचं नाही."

मग त्यानं नातीला जवळ बोलावून एकेक पायरी दाखवली. तिच्यासाठीच ती इथे लिहून ठेवतो.

पहिली पायरी, जिवाची. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत वीज साठून राहू शकते. (२३० हा सरासरीच्या पद्धतीनं काढलेला आकडा, त्याचं शिखर त्याच्या १.४१ पट असतं.) म्हणून त्यानं मीटरनं तपासलं, उरलीसुरली वीज एका साध्या बल्बमधून काढून टाकली आणि पुन्हा तपासलं. ज्याला हे येत नाही त्यानं झाकण उघडूच नये. मी उघडलं होतं, म्हणून बोलणी खाल्ली.

दुसरी पायरी, जागा. पाटीच्या खालच्या बाजूला तांब्याच्या रेघा असतात. त्यांच्यामधून एक मोकळा पट्टा गेलेला दिसतो, गावाला दुभागणाऱ्या ओढ्यासारखा. पट्ट्याच्या एका बाजूला घरची २३० व्होल्टची जीवघेणी वीज, दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर आणि एक छोटा चार पायांचा भाग, मुख्यतः हे दोघे ओढ्याच्या दोन्ही काठांवर पाय ठेवून असतात. आमचा स्क्रू १२ व्होल्टच्या काठावर होता. उघडझाप करणारी चिप पलीकडच्या काठावर. म्हणजे वेगाचा प्रीसेट असण्याचा संभव जवळजवळ संपला.

तिसरी पायरी, वाट. मीटरची दोन टोकं धरून त्यानं स्क्रूच्या पायांपासून निघणाऱ्या रेघा कुठे जातात ते पाहिलं. एक वाट एका रेझिस्टरमधून थेट १२ व्होल्टच्या तारेला मिळाली. दुसरी तिथल्या शून्याच्या तारेला. आणि मधली? ती त्या तीन पायांच्या टीएल ४३१ च्या बरोबर त्या पायाला, जो अडीच व्होल्टच्या रेघेशी तुलना करतो. त्यानं नातीला कागद दिला. "बारा भागिले अडीच किती?" ती म्हणाली, "चार पूर्णांक आठ दशांश." "म्हणजे वरचा अडथळा खालच्याच्या तीन पूर्णांक आठ पट हवा. मोज आता." तिनं मोजलं, जवळपास तेवढंच भरलं. स्क्रू न फिरवताच त्याचं नाव कळलं होतं: बाहेर येणारं व्होल्टेज ठरवणारा.

चौथी पायरी, खूण. लाल ठिपका होताच, तरी त्यानं टोकदार पेन्सिलीनं खाचेच्या समोर पाटीवर एक रेघ ओढली. वहीत मीटरचा आकडा लिहिला. मग मोटारीचा एक बल्ब जोडला, पेटी सुरू केली. मीटरनं १२.१ दाखवले. लाकडी दांडीच्या स्क्रू ड्रायव्हरनं त्यानं खाच केसभर हलवली, १२.३. उलट फिरवली, पुन्हा १२.१, खाच रेघेवर. "झालं," तो म्हणाला. पण खरखर? शेजारी ठेवलेल्या रेडिओत ती होती तशीच.

"ती या स्क्रूची नाहीच, सर. ती उघडझापेचीच आहे." सेकंदाला साठ हजार वेळा होणाऱ्या उघडझापेचे पडसाद तिच्या पटीत उठतात. १,२०,०००, १,८०,००० असे चढत चढत ते थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात आणि त्याच्याही वर जातात. ते बाहेर पडू नयेत म्हणून वीज आत येते त्या तोंडाशी एक गुंडाळी बसवायची असते. आमच्या पेटीत तिची जागा छापलेली होती, पण तिथे गुंडाळीऐवजी साध्या तारेचे दोन तुकडे जोडून कुणीतरी पाच-दहा रुपये वाचवले होते!

इथे मला आमच्या गावाच्या शेजारची आठवण होणं साहजिक होतं. नारायणगावला लोक तमाशाचं गाव म्हणून ओळखतात, विठाबाईंचं गाव म्हणून ओळखतात, हल्ली टोमॅटोच्या बाजारामुळे ओळखतात. पण आकाशातून येणारं ऐकण्यासाठीही ही भूमी निवडली गेली आहे. आर्वीचं विक्रम उपग्रह भू-केंद्र १९७२ मध्ये देशाला अर्पण झालं, आणि त्यानंतर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांनी आधी उटीची रेडिओ दुर्बीण उभारली होती. खोडदला त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती राष्ट्रार्पण झाली. जागा निवडताना पुण्यापासूनचं अंतर पाहिलं तसं हेही पाहिलं की इथे माणसांनी केलेला रेडिओचा गोंगाट कमी आहे आणि भोवती डोंगरांची आडोशाची भिंत आहे.

म्हणजे आपल्या शांततेमुळे ती दुर्बीण इथे आली. आणि आता आपल्या घराघरात गुंडाळी गाळलेल्या पेट्या! दुर्बिणीच्या जवळ मोबाइल बंद ठेवायला सांगतात, तिथली स्वतःची यंत्रंसुद्धा धातूच्या बंदिस्त खोल्यांत ठेवतात, आणि तिथल्या लोकांना आसपासच्या वीजवाहिन्यांवर कुठे ठिणग्या पडतात तेही हुडकत फिरावं लागतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या आखणीतही ही दुर्बीण मोठा मुद्दा ठरली. रेल्वे हवी असं इथल्या प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटतं. पण कपाटामागच्या पेटीनं माझा तळहाताएवढा रेडिओ बधिर केला तेव्हा खोडदच्या माणसांचं दुखणं मला पहिल्यांदा कळलं.

गंमत अशी की हे सगळं शास्त्रच एका निनावी खरखरीतून जन्मलं. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. समुद्रापलीकडे रेडिओवरून होणाऱ्या टेलिफोन संभाषणात खरखर कुठून येते ते शोधणं हे त्याचं काम. फिरता अँटेना बांधून तो महिनोन् महिने नोंदी करत राहिला. जवळच्या विजांची खरखर वेगळी काढली, लांबच्या विजांची वेगळी काढली. उरली एक बारीक, अखंड सूं. आधी ती सूर्याची वाटली. पण ती रोज चार मिनिटं आधी येत होती. दिवस २४ तासांचा आणि ती येणार २३ तास ५६ मिनिटांनी, म्हणजे सूर्याची नव्हे, ताऱ्यांची वेळ पाळणारी. १९३३ मध्ये त्यानं जाहीर केलं की ती आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून, धनू राशीच्या दिशेनं येते आहे. जागा पाहिली, वाट पाहिली, नोंद ठेवली. त्या माणसाला नाणेघाटाच्या सहलीला न्यायला मला आवडलं असतं.

असो. माझ्या विद्यार्थ्यानं एका मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून गुंडाळी काढून आमच्या पेटीत बसवली, बाहेर जाणाऱ्या तारेत एक काळं कडं ओवलं. रेडिओ लावला. खरखर पूर्ण गेली नाही, पण मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसली.

चहा आला. तेव्हा मी नातीला सांगितलं की काल मी तुझ्यावर ओरडलो, आणि असाच एकदा या काकांवरही ओरडलो होतो. तो हसला. "सर, नुसते ओरडला नव्हता."

तर ते १९७९ साल. तालुक्यातल्या एका शाळेत मी होतो. गावानं वर्गणी काढून शाळेला रेडिओ दिला होता. गावात रेडिओ ऐकणं ही तेव्हा काही किरकोळ गोष्ट नव्हती. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं काढली, त्यात आपला जिल्हाही होता. माझ्या लहानपणी चावडीवरचा रेडिओ म्हणजे देवघरातल्या मूर्तीसारखा. तोच आदर मी शाळेच्या रेडिओला देत होतो. आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत आठवीतला हा मुलगा मागचं झाकण उघडून आतला एक बारीक स्क्रू फिरवताना सापडला. रेडिओवरून पुणे केंद्र नाहीसं झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्याच्या दोन्ही हातांवर छड्या मारल्या आणि 'न कळणाऱ्या वस्तूला हात लावू नये' हे वाक्य शंभर वेळा लिहायला लावलं. रेडिओ पुण्याला दुरुस्तीला गेला, दोन महिन्यांनी आला. मुलगा दहावीनंतर शाळेकडे फिरकला नाही.

हे सगळं मला आठवत होतं. पण परवा चहाचा कप खाली ठेवत तो जे बोलला ते मला माहीत नव्हतं.

"सर, पुण्यावर दुसरं स्टेशन चढत होतं म्हणून मी तो स्क्रू बघत होतो. पण फिरवायच्या आधी मी पेन्सिलीनं खूण केली होती. दोन मिनिटं मिळाली असती तर परत जागेवर आणून दिला असता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. छेचाळीस वर्षांत राग कुठे राहतो? पण माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हणालो, "मी तुला विचारलंच नाही."

"नाही विचारलंत," तो म्हणाला, आणि नातीला सुटे स्क्रू डबीत भरायला सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पैसे घेत नव्हता, मी ठेवून आलो. घरी येताना नात विचारत होती, "आजोबा, मग हात लावायचा की नाही लावायचा?" मी म्हणालो, "आधी खूण करायची, मग मला हाक मारायची, मग दोघं मिळून बघू." हे वाक्य मला शंभर वेळा कुणी लिहायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री पेटीचं झाकण बसवण्यापूर्वी मी एका कागदावर लिहिलं: 'व्हीआर १ : बाहेर येणारं व्होल्टेज. मूळ जागा पेन्सिलीच्या रेघेवर, १२.१. हा खरखरीचा स्क्रू नव्हे.' खाली तारीख घातली. पुढे कधी कुणी ही पेटी उघडील त्याला अंधारात चाचपडायला नको. मग थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली, 'ओळखणारा', आणि त्यापुढे त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, जसं तेव्हा हजेरीपटात लिहायचो तसं. कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि चारही स्क्रू आवळले.